नुसता रंग आला म्हणून भागत नाही

एम.एस्सी.च्या प्रकल्पात मला बुरशीकडून चांदीचे नॅनोकण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण, करून घ्यायचे होते. त्यासाठी लागणारी बुरशी मला घरच्या शेतातच मिळाली. हरभऱ्याला मर लागली होती. बाबा उपटत होते त्यातली चार झाडं मी पिशवीत घालून कॉलेजात नेली. मुळाजवळ खोड उभं चिरलं की आत तपकिरी रेघ दिसते. तिथलेच तुकडे वरून निर्जंतुक करून प्लेटवर ठेवले. पाच दिवसांत पांढरा कापूस पसरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली चंद्रकोरीसारखे बीजाणू दिसले. हवी होती तीच बुरशी, फ्युजेरियम!

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अब्सार अहमद, डॉ. मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी फ्युजेरियम ऑक्सिस्पोरमकडून चांदीचे नॅनोकण करून घेतले, तो शोधनिबंध २००३ चा. आधी त्यांनी वापरलेल्या व्हर्टिसिलियममध्ये कण पेशीतच अडकून राहत. फ्युजेरियम विकरं (एन्झाइम) बाहेर पाण्यात सोडते आणि चांदीचे आयन, म्हणजे पाण्यात विरघळलेले तिचे भारित अणू, तिथेच कणांत बदलतात. आपल्या पुण्यात झालेलं हे काम वाचूनच मी विषय ठरवला होता.

पहिला प्रयत्न फसला. वाढवलेली बुरशी मी नळाच्या पाण्यानं धुतली. पुढे ती भिजवून गाळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट (चांदीचा विरघळणारा क्षार) घालताच सगळं दुधासारखं पांढरं झालं. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी फ्लास्क उजेडात धरला. "नळाचं पाणी वापरलंस ना गं?" पाण्यातल्या क्लोराइडनं चांदी सिल्व्हर क्लोराइड होऊन बसली होती.

दुसऱ्या वेळी तीनदा डिस्टिल्ड वॉटरनं धुतली. दहा ग्रॅम ओली बुरशी शंभर मिली पाण्यात तीन दिवस ठेवून गाळली, त्यात १७ मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट घातलं आणि फ्लास्क अंधारात ठेवला. दुसऱ्या दिवशी कोऱ्या चहासारखा रंग, चांदीचे कण झाल्याची खूण! शेजारचे तुलनेसाठी ठेवलेले दोन्ही फ्लास्क (कंट्रोल), नुसतं गाळलेलं पाणी आणि नुसतं सिल्व्हर नायट्रेट, होते तसेच. कोणता प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ४२० नॅनोमीटरच्या आसपास शिखर आलं, तीही चांदीच्या नॅनोकणांचीच खूण. त्या दिवशी मी जेवायलाही विसरले.

हे कण जंतू मारतात का, ते पुढे बघायचं होतं. ई. कोलाय या जिवाणूच्या प्लेटवर, कणांचं पाणी घातलेल्या खड्ड्याभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ पडलं तेव्हा वाटलं, संपलं काम. मॅडम म्हणाल्या, "हे कणांनी मारलं की उरलेल्या सिल्व्हर नायट्रेटनं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चांदीचे सुटे आयनही जंतू मारतातच. म्हणजे माझं वर्तुळ कणांबद्दल काहीच सिद्ध करत नव्हतं. महिनाभर मी याच प्रश्नामागे होते, आणि प्रकल्पातला सगळ्यात मोलाचा भाग मला तोच वाटतो. कण सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवायचे, वरचं पाणी काढायचं, नव्या पाण्यात ढवळायचे, पुन्हा फिरवायचे. काढलेल्या पाण्यात मिठाच्या पाण्याचा थेंब टाकून बघायचं. ज्या क्लोराइडनं पहिला फ्लास्क घालवला, तेच आता आयन उरलेत का ते सांगत होतं. चौथ्या धुण्यानंतर थेंब पडूनही पाणी नितळ राहिलं.

धुतलेल्या कणांचं वर्तुळ लहान आलं. कण प्लेटमधल्या जेलीसारख्या अगारमधून आयनांसारखे सहज सरकत नाहीत, म्हणून मग प्लेट सोडून परीक्षानळ्या घेतल्या. ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवायच्या पातळ द्रावणात) कणांचं प्रमाण नळीगणिक निम्मं करत गेले. पहिल्या तीन नळ्या दुसऱ्या दिवशीही नितळ होत्या. सोबत शेवटच्या धुण्याच्या पाण्याची नळी मुद्दाम ठेवली होती. तिच्यात ई. कोलाय दाट वाढले होते, म्हणजे जंतू उरलेल्या सिल्व्हर नायट्रेटनं मारले नव्हते.

रात्री बाबांनी फोनवर विचारलं, "मग ते पाणी हरभऱ्यावर मारायचं का?" मी नको म्हटलं. मुळांच्या गाठींत नत्र धरणारे जिवाणूही चांदीनं मरू शकतात. उरलेलं पाणी बेसिनमध्ये न ओतता काळ्या बाटलीत, नाव-तारीख लिहून ठेवलंय.