सहा फेब्रुवारी: दीदी, प्रदीप आणि तारकर्लीच्या टीशर्टवरचा बॉब

आमच्याकडे आता ६ फेब्रुवारी म्हणजे कराओके. २०२२ ला लतादीदी गेल्या तेव्हापासून मालवण घ्या, कुडाळ घ्या, रत्नागिरी घ्या, त्या आठवड्यात कुठल्यातरी हॉलमध्ये नाहीतर देवळाच्या सभामंडपात दीदींचा फोटो, हार, दोन स्पीकर आणि हौशी मंडळी. त्यात वाईट काही नाही, काहीजण तर खरंच सुरात गातात. पण शेवटचं गाणं ठरलेलं असतं, ऐ मेरे वतन के लोगों, सगळे उभे राहतात (राष्ट्रगीत नाहीये ते, पण असो) आणि निवेदक आवाज जड करून सांगतो की हे ऐकून नेहरूंच्या डोळ्यात पाणी आलं होतं. बस, चहा, घरी. ज्याने ते लिहिलं त्याचा नेमका त्याच दिवशी वाढदिवस असतो हे मी आजपर्यंत एकाही स्टेजवरून ऐकलेलं नाही.

कवी प्रदीप. जन्म ६ फेब्रुवारी १९१५, उज्जैनजवळचं बडनगर, खरं नाव रामचंद्र द्विवेदी. म्हणजे गाणं लिहिलं एका रामचंद्राने आणि चाल लावली दुसऱ्या रामचंद्राने, कारण सी. रामचंद्र म्हणजे आपले पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. चीनचं युद्ध नुकतंच संपलेलं, प्रदीप माहीमच्या किनाऱ्यावर फिरत होते, ओळी सुचल्या, जवळ कागद नाही, मग कोणाकडून तरी पेन मागून सिगरेटच्या पाकिटातल्या चांदीवर लिहून ठेवल्या असा किस्सा सांगतात. २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये दीदींनी ते गायलं, समोर राष्ट्रपती राधाकृष्णन, पंतप्रधान नेहरू, आणि प्रदीप कुठे? मुंबईत. त्यांना आमंत्रणच नव्हतं! नंतर नेहरू मुंबईला आले तेव्हा प्रदीपनी त्यांना ते स्वतः गाऊन दाखवलं. आणि हा माणूस तेव्हा काही नवखा नव्हता बरं का, १९४३ च्या किस्मतमधलं दूर हटो ऐ दुनियावालों यांचंच, त्यात जर्मनी जपानचं नाव घालून इंग्रजांच्या सेन्सॉरला गुंडाळलं होतं, आणि खरा निशाणा कोणावर आहे ते साहेबाच्या लक्षात आल्यावर यांना काही काळ भूमिगत व्हावं लागलं.

मला हे सगळं कळलं ते आरतीमुळे. आमच्या घरात शुक्रवारी संतोषी मातेचं व्रत असायचं, आजी करायची मग काकी करायला लागली. त्या दिवशी आंबट बंद. आता कोकणात आंबट बंद म्हणजे काय हाल होतात ते इथल्या माणसालाच कळेल, सोलकढी नाही, आमटीत आमसूल नाही, ताक नाही, मार्चमध्ये समोर झाडाला कैऱ्या लटकतायत आणि लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही. संध्याकाळी गूळ-चणे आणि मैं तो आरती उतारूँ रे. आजी ते हिंदी मालवणी वळणाने म्हणायची त्यामुळे मला कितीतरी वर्षं ती कुठलीतरी जुनी पारंपरिक आरतीच वाटायची. ती १९७५ च्या जय संतोषी माँची, शोलेच्या वर्षातला तो सिनेमा ज्याला बायका थिएटरात चपला काढून बसायच्या. गायलीय उषा मंगेशकरांनी, आणि लिहिलीय प्रदीपनी! तोच माणूस. एका बहिणीच्या गळ्यातून पंतप्रधानांना रडवलं आणि दुसऱ्या बहिणीच्या गळ्यातून थेट आमच्या देव्हाऱ्यापर्यंत आला, आणि देव्हाऱ्यासमोर बसलेल्या एकालाही त्याचं नाव ठाऊक नाही.

अभंगात असं होत नाही ना. शेवटी तुका म्हणे आलंच, गाणारा बुवा कितीही मोठा असो. शक्ती-तुऱ्याच्या बारीला (आमच्याकडचा शाहिरांचा गाण्याचा सामना) जा, शाहीर गाण्यातच आपलं नाव गुंफतो, पब्लिकला माहीत असतं हे कोणी रचलंय. सिनेमाच्या गाण्यात ती सोयच गेली. प्रदीपनी थोडीफार भरपाई करून घेतली म्हणा, काही गाणी स्वतःच गायली. १९५४ च्या जागृतीमधलं आओ बच्चों तुम्हें दिखाएं हा त्यांचाच आवाज, संगीत हेमंतकुमारांचं. आणि हेच हेमंतकुमार पुढे दीदींबरोबर मी डोलकर डोलकर दर्याचा राजा गातात, शब्द शांताबाई शेळक्यांचे, चाल हृदयनाथांची. आमच्या बंदरावर लग्नाच्या वरातीत ते गाणं अजून वाजतं आणि गाणारा पुरुष बंगाली आहे सांगितलं तर लोक माझ्याकडेच संशयाने बघतात.

आता बॉब. तारकर्लीला स्कुबावाल्या पोरांच्या अंगावर जो जटावाला हसरा चेहरा असतो, पिवळा-हिरवा-लाल, तो बॉब मार्ली, जमैकाचा रेगे गायक, जन्म ६ फेब्रुवारी १९४५. गंमत म्हणजे जगभरच्या बीचवर ज्याचं चित्र विकलं जातं तो समुद्रकाठचा नव्हेच, जमैकाच्या डोंगरातलं नाइन माइल नावाचं खेडं त्याचं, आणि त्याची समाधीही तिथेच. गेला ११ मे १९८१ ला, कॅन्सरने, वय फक्त ३६. त्याचाही एक राजकारण्यांचा किस्सा आहे. १९७८ च्या एप्रिलमध्ये किंग्स्टनच्या वन लव्ह पीस कॉन्सर्टमध्ये त्याने एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन पक्षांचे नेते, मॅन्ली आणि सीगा, दोघांना स्टेजवर बोलावलं आणि त्यांचे हात हातात घेऊन वर धरले. फोटो बघा, दोघांचे चेहरे मुलगी पसंत नसताना बोहल्यावर चढवलेल्या नवऱ्यासारखे आहेत. १९८० च्या निवडणुकीत तिथे आणखी रक्त सांडलं ते सांडलंच. त्यामुळे गाण्याने अमकं बदललं तमकं बदललं वगैरे भाषणं मला फारशी पचत नाहीत, नेहरूंचे अश्रू खरे असतील, पण लोकांना ते गाणं आवडतं ते गाण्यासाठी, नेहरूंसाठी नाही.

बाकी याच तारखेला गायक रिक ॲस्टली जन्मला (१९६६, हो तोच, कोणी गंमत म्हणून पाठवलेली लिंक उघडली की नाचत येणारा), गन्स अँड रोझेसचा गायक ॲक्सल रोज १९६२. आणि १९९८ ला एकाच दिवशी बीच बॉइज या अमेरिकन बँडचा कार्ल विल्सन आणि ऑस्ट्रियाचा गायक फाल्को दोघेही गेले, २०११ ला गॅरी मूर. गॅरी मूरची गिटार ऐकली नसेल तर रात्री हेडफोन लावून ऐका, त्याच्यावर मी वेगळं लिहीन कधीतरी.

तर यावर्षी निवेदन मी मागून घेतलंय. मीटिंगमध्ये प्रदीपचं नाव काढलं तर चुलतभाऊ म्हणाला, "मेल्या, दीदी गेली तो दिवस, तुझ्या प्रदीपाक कोण वळाकता?" मी म्हटलं म्हणूनच. मग बराच वेळ वाद, बॅनरवर दुसरा फोटो लावायचा तर खर्च कोणाचा इथपर्यंत गाडी गेली, शेवटी असं ठरलं की फोटो एकच, पण सुरुवात काकीच्या आरतीने करायची आणि ती कोणी लिहिली ते आधी सांगायचं. मार्लीचा प्रस्ताव अध्यक्षांनी हसून फेटाळला. तेव्हा आरतीचा बरा कराओके ट्रॅक कोणाकडे असेल तर पाठवा, युट्यूबवर जे मिळाले त्यात ढोलकी फारच बडवलीय. काकीची पट्टी काळी चार, वर नको, हल्ली तिला दम लागतो.