तुम्ही विचारलंत म्हणून: दरवर्षी परत ऐकायचे अल्बम, आणि सोलापूरच्या उन्हात ते टिकवायचे कसे

‘दरवर्षी न चुकता परत ऐकावेत असे अल्बम कोणते?’ हा प्रश्न आला की त्याच्या मागोमाग दुसरा येतोच: ‘घरात वडिलांच्या वेळच्या एलपी आहेत, पिशवीभर कॅसेट आहेत, त्यांचं काय करू?’ दोन्हींचं उत्तर एकत्र देतो, कारण नुसती नावांची यादी देऊन काही होत नाही. ज्या अल्बमकडे माणसं वर्षानुवर्षं परत जातात, त्यांना बहुतेक वेळा एक ठरलेला क्रम असतो आणि वर्षातली एक ठरलेली वेळ असते. क्रम मोडला किंवा आवाज बिघडला, की दोन-तीन वर्षांत ती सवय सुटते आणि मग लोक म्हणतात, ‘पूर्वीसारखं वाटत नाही हो.’

चैत्रापासूनच धरू. गीतरामायण: शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी पहिलं गीत लागलं आणि पुढे आठवड्याला एक असं वर्षभर चाललं. त्या वर्षी अधिक मास आला म्हणून गीतं ५६ झाली. आकाशवाणीवर गायक वेगवेगळे होते. घरोघरी असतो तो संच मात्र बहुधा एकट्या बाबूजींच्या, म्हणजे फडक्यांच्या, आवाजातला. हे सगळं एका बैठकीत ऐकायच्या भानगडीत पडू नका. पाडव्यापासून रामनवमीपर्यंत नऊ दिवस मिळतात. पहिले सात दिवस सहा-सहा गीतं, शेवटचे दोन दिवस सात-सात, झाली ५६. तिथीचा क्षय होऊन आठच दिवस मिळाले तर रोज सात. शेवटच्या गीतात वाल्मीकी कुश-लवांना रामायण गायला सांगतात, आणि पहिल्या गीतात ते रामापुढे गातच असतात. म्हणजे शेवट पुन्हा सुरुवातीला येऊन मिळतो, आणि हे क्रमाने ऐकणाऱ्यालाच कळतं. फोनवर शफल चालू राहिलं तर सेतू आधी बांधून होतो आणि वनवास नंतर.

‘कॉल ऑफ द व्हॅली’ला सण नाही, पण क्रम आहे. १९६७ चा हा अल्बम: शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत. अहिर भैरव, नट भैरव, पिलू, मग भूप, देस आणि पहाडी. नंतरच्या काही सीडींवर शेवटी जादा तुकडे जोडलेत. वाजवलेत छानच, पण दिवस पहाडीवर संपतो, तिथेच थांबवा.

किशोरी आमोणकरांची भूप आणि बागेश्रीची एलपी रात्रीची. एका बाजूला एक राग. एलपीची एक बाजू साधारण २० ते २५ मिनिटांची, त्यामुळे मैफलीत तासभर चालणारा ख्याल तेवढ्यात बसवावा लागायचा. लोक याला मर्यादा म्हणतात. माझ्या मते या रेकॉर्डी टिकल्या त्या यामुळेच: कितीदाही ऐका, भरताड सापडत नाही. उलट नंतर निघालेल्या कित्येक थेट मैफलींच्या सीडी एकदा ऐकून कपाटात जातात.

फेब्रुवारीत शिवजयंतीला ‘शिवकल्याण राजा’. राज्याभिषेकाला ३०० वर्षं झाली त्या १९७४ सालचा; संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, आवाज लता मंगेशकरांचा, निवेदन बाबासाहेब पुरंदऱ्यांचं. रामदास, भूषण, सावरकर, कुसुमाग्रज अशा चार वेगळ्या काळांतले कवी त्यात एकत्र आलेत आणि त्यांना बांधून ठेवतं ते निवेदन. फोनवर नुसती गाणी वेगळी काढलेली सापडतात. ती ऐकली तर चांगली गाणी ऐकली एवढंच होतं.

आषाढीला अभंगवाणी हे सांगायला नको. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. भीमसेन जोशींचे अभंग हवे तसे मागे-पुढे ऐका, तिथे क्रमाचा आग्रह नाही. सोलापूरकरांनी आणखी एक गोष्ट करावी असं मात्र वाटतं. जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धरामेश्वरांची यात्रा, भरतो तेव्हा मल्लिकार्जुन मन्सूर आणि बसवराज राजगुरू यांनी गायलेली कन्नड वचनं, म्हणजे शिवभक्त संतांच्या छोट्या रचना, लावा. ज्या सिद्धरामेश्वरांची यात्रा आपण करतो ते स्वतः बाराव्या शतकातले वचनकार. आपल्याकडे बऱ्याच घरांत कन्नड कळतं, तरी ही वचनं मराठी घरांतून क्वचितच कानावर पडतात.

आता ऐकायचं कसं. फोनवरच ऐकत असाल तर ॲपच्या सेटिंगमध्ये चार गोष्टी बघा. शफल बंद. क्रॉसफेड बंद, नाहीतर एका रागाची शेवटची तिहाई पुढच्या आलापावर चढते. गॅपलेस, म्हणजे दोन ट्रॅकमध्ये खंड न पडू देण्याची सोय, चालू. अल्बम संपल्यावर आपोआप दुसरं काहीतरी लागतं तो ऑटोप्ले बंद. आणि अल्बमचं नाव तेच असलं तरी गायकाचं नाव वाचा. जुन्या चालींवर नवा ठेका लावून, दुसऱ्याच आवाजात केलेल्या आवृत्त्या त्याच नावाने मिळतात.

एलपी असेल तर सोलापूरचं पहिलं संकट म्हणजे ऊन. मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो. पत्र्याखालच्या खोलीत किंवा पोटमाळ्यावर त्याहून वर. एलपी पीव्हीसीची असते. ६० अंशांच्या आसपास ती मऊ पडते, पण वर वजन असेल तर त्याआधीच वाकते. म्हणून एकावर एक रचलेली आडवी थप्पी नको, तिरपी टेकवून ठेवणंही नको. पुस्तकांसारखी सरळ उभी, फार कोंबून नाही, खालच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब. आणि जुन्या बाजारातून घेतलेली रेकॉर्ड उन्हात लावलेल्या गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. वाकलेली रेकॉर्ड इस्त्रीने किंवा काचांमध्ये दाबून उन्हात सरळ करायचे उपाय लोक सांगतात. त्याने रेकॉर्ड सपाट होईलही, पण खाचा मरतात.

दुसरं संकट धुळीचं. शहराच्या पूर्व भागात जिथे घराला लागून कापडाचे माग आहेत, तिथे हवेत कापसाची बारीक लव असते. ती खाचेत बसते, सुई ती गोळा करत जाते, आणि बाजू संपता संपता सुईच्या टोकाला मुगाच्या दाण्याएवढा गोळा झालेला दिसतो. त्याने सुई खाचेतून उचलली जाते आणि आवाज घोगरा होतो. लोकांना वाटतं रेकॉर्ड गेली. मऊ ब्रशने सुई मागून पुढे, म्हणजे टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या लांब हाताच्या) बाजूकडून आपल्याकडे, एकदाच झाडा. उलटं झाडलं तर सुईची दांडी वाकते. उन्हाळ्यातली आपली कोरडी हवा स्थिर वीज वाढवते, त्यामुळे धूळ आणखी चिकटते आणि कडकड वाढते. त्याच कोरड्या हवेचा फायदा असा की मुंबई-कोकणात कव्हरांना आणि टेपला जशी बुरशी लागते तशी इथे फारशी लागत नाही.

धुवायची असेल तर बोअरचं पाणी वापरू नका. क्षार खाचेत वाळून बसतात आणि मग जे ऐकू येतं ते कायमचं. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं ते घ्या. मागताना ‘बॅटरीचं पाणी’ एवढंच म्हणू नका, ॲसिड हातात पडू शकतं. अर्धा लिटर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, चष्मा पुसायचं मऊ कापड, आणि हात खाचांच्या दिशेने गोल. मधलं लेबल कोरडं ठेवायचं. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा एकदा, आणि उभी करून सावलीत वाळवायची. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या जड तबकड्यांना स्पिरिट अजिबात लावू नका, त्यातली लाख विरघळते. त्यांना सुईही वेगळी, एलपीच्या सुईपेक्षा चौपट जाड टोकाची. एलपीची सुई ७८ वर लावली तर ती खाचेच्या तळाशी घासत फिरते आणि नुसती खरखर देते.

जुन्या पेटीवजा प्लेअरची पिकअप जड असते, सुईवर पाच-सहा ग्रॅम भार येतो. आताच्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला (सुई बसते त्या डबीला) दीड ते साडेतीन ग्रॅम लागतात; नेमका आकडा त्याच्या कागदावर असतो आणि छोटा डिजिटल काटा ऑनलाइन मिळतो. भार कमी ठेवला की रेकॉर्ड जास्त टिकते हा गैरसमज. कमी भाराने सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती फोडते. सुई नीलमाची असेल तर काही डझन तासांतच झिजते, हिऱ्याची ५०० तासांच्या पुढे जाते. आणि नवा टर्नटेबल थेट ॲम्प्लिफायरच्या ऑक्सला जोडला तर आवाज बारीक, पत्र्यासारखा येतो, तबल्याचा बायाँ, म्हणजे डग्गा, ऐकूच येत नाही. बिघाड काही नसतो; मध्ये फोनो प्रीॲम्प लागतो. रेकॉर्ड कापतानाच खर्ज कमी आणि वरचे सूर जास्त ठेवलेले असतात, ते परत जागेवर आणायचं काम तो करतो.

वेग तपासायला स्ट्रोबची चकती वापरा. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर, मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्यांसाठी तिच्यावर १८० रेघा असतात. जुन्या ट्यूबलाइटखाली रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. पुढे सरकल्या तर जास्त, मागे सरकल्या तर कमी. बऱ्याच एलईडी दिव्यांखाली हे दिसतच नाही, मग लोक चकतीला दोष देतात.

कॅसेटमध्ये वेगाचा घोळ जास्त असतो, कारण डेकमधला रबरी बेल्ट वर्षानुवर्षांच्या उन्हाळ्याने सैल पडतो किंवा डांबरासारखा चिकट होतो. साधारण ६ टक्के फरक पडला की अर्धा स्वर सरकतो: पेटीवरच्या काळी एकमधलं गाणं पांढरी एकमध्ये ऐकू येतं. तीच चीज फोनवर लावून तानपुऱ्याच्या ॲपवर षड्ज जुळवून बघा, लगेच कळतं. बेल्ट बदलणं फार खर्चाचं काम नाही.

वीस-तीस वर्षं पडून असलेली कॅसेट थेट प्ले करू नका. आधी उघडून बघा: टेपच्या मागे छोट्या पत्र्यावर चिकटवलेली फेल्टची गादी असते, ती उष्णतेने गोंद सुटून पडलेली असते. ती नसेल तर आवाज मंद आणि बोळ्यातून आल्यासारखा येतो. कवचाला पाच स्क्रू असतील तर दुसऱ्या बिनकामाच्या कॅसेटची गादी किंवा अख्खं कवच वापरता येतं. स्क्रू नसलेलं, चिकटवलेलं कवच ब्लेडने सांध्यावर फोडावं लागतं. भीमगीतांच्या आणि भक्तिगीतांच्या स्वस्त कॅसेट बऱ्याचदा अशाच. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, टेप पुढे ओढणारा रबरी पिंच रोलर मात्र साबणाच्या पाण्याने. रोलरवर तपकिरी थर असला की तोच टेप ओढून गुंडाळतो, आणि दोष कॅसेटला लागतो.

टेप नीट चालते पण झांज-टाळ बोथट वाटतात, असं झालं तर हेडशेजारच्या स्प्रिंगवाल्या स्क्रूकडे बघा. टेप चालू ठेवून, आवाज मोनोवर करून, तो पाव फेऱ्याच्या आतच इकडे-तिकडे फिरवा. टाळ जिथे सर्वांत स्वच्छ वाजतात तिथे थांबा. प्रत्येक कॅसेटला ही जागा थोडी वेगळी असते, म्हणून हे कॉपी करतानाच करायचं.

कॉपी करायची तर एकदाच आणि नीट. संगणकावर ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ ठेवलं तर तासाला साधारण २ जीबी जागा जाते. फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज न बिघडवता फाइल आवळणाऱ्या प्रकारात, साठवलं तर बरीच कमी. कॅसेटला ४८ किलोहर्ट्झ पुरे. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, एकदा फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. अख्खी बाजू एका फाइलमध्ये घ्या, तुकडे नंतर पाडा, आणि मूळ फाइल पुसू नका.

इथे सर्वांत मोठी चूक होते ती खरखर काढताना. नॉइज रिडक्शन सतत सारखा राहणारा आवाज ओळखून कमी करतं, आणि तानपुराही सतत सारखाच असतो. सॉफ्टवेअरला खरखरीचा नमुना देताना मागे तानपुरा वाजत असेल तर ते त्यालाच खरखर समजतं. मग गायक बंद खोलीत एकटाच गातोय असं वाटतं, आणि ऐकणाऱ्याला काय गेलं ते नेमकं सांगता येत नाही. नमुना तानपुरा सुरू होण्याआधीच्या मोकळ्या खाचेचा घ्या, ६ डेसिबलपेक्षा जास्त कमी करू नका. शंका असेल तर खरखर राहू द्या. फोनसाठी एमपी३ वेगळी काढा.

कव्हर फेकू नका. साथीला तबल्यावर कोण, पेटीवर कोण, हे बहुतेक वेळा मागच्या बाजूलाच छापलेलं असतं आणि ॲपवर ती नावं येतच नाहीत. पुढची-मागची बाजू दिवसाउजेडी, फ्लॅश न मारता फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा, आणि फाइलच्या नावात आधी बाजू, मग क्रमांक, मग नाव असू द्या: ‘१-०१’, ‘१-०२’, ‘२-०१’ असं. म्हणजे कुठल्याही प्लेअरवर क्रम आपोआप लागतो. एक हार्ड डिस्क आपल्याकडे, दुसरी भावाच्या नाहीतर बहिणीच्या घरी.