एएमटीची सूट वाढली, पण जागा किती वाढली?

"ताई, यंदा एएमटीची सूट वाढलीये ना? मग थोडे जास्त ऑप्शन्स एक्सरसाइज करू का?"

आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याने, नव्या वर्षाचे आकडे जाहीर केले की असे फोन सुरू होतात. एएमटी म्हणजे अल्टरनेटिव्ह मिनिमम टॅक्स, नेहमीच्या करासोबत करायचा कराचा दुसरा हिशेब. त्यात जेवढ्या उत्पन्नावर कर लागत नाही, ती त्याची सूट. मी न्यू जर्सीत लोकांचे टॅक्स रिटर्न भरते. माझ्याकडे येणाऱ्यांत कंपनीकडून आयएसओ, म्हणजे ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क देणारे ऑप्शन्स, मिळालेली मराठी मुलं-मुली बरीच आहेत. प्रश्न रास्त आहे, पण नुसत्या सूटच्या आकड्यावरून त्याचं उत्तर देता येत नाही.

आयएसओ एक्सरसाइज केले, म्हणजे हक्क वापरून शेअर घेतले, पण त्या वर्षी विकले नाहीत, तर नेहमीच्या हिशेबात त्यातून उत्पन्न शून्य. एएमटीच्या हिशेबात मात्र बाजारभाव आणि तुमची खरेदीची किंमत यांतला फरक उत्पन्न धरला जातो. दोन्ही हिशेबांत जो कर जास्त, तो भरायचा.

आता एकटी राहणारी, दोन लाख डॉलर पगाराची मुलगी घ्या. बाकी उत्पन्न नाही, स्टँडर्ड डिडक्शन घेते. २०२५ मध्ये तिचा नेहमीचा कर सुमारे ३७,०६७ डॉलर आणि एएमटीच्या बाजूचा २९,०९४. मधली फट ७,९७३ डॉलरची. त्या फटीला एएमटीच्या २६ टक्के दराने भागलं की जवळपास ३०,७०० येतात. म्हणजे तेवढा फरक असलेले ऑप्शन्स ती एएमटी न लागता एक्सरसाइज करू शकत होती. हीच तिची जागा. २०२६ मध्ये सूट ८८,१०० वरून ९०,१०० झाली. जागा दोन हजारांनी वाढायला हवी ना? हिशेब केला तर ती ३१,४०० च्या आसपास येते, जेमतेम सातशेनं जास्त. कारण महागाईप्रमाणे नेहमीच्या कराचे टप्पे आणि स्टँडर्ड डिडक्शनही वाढतात. तो करही कमी होतो आणि फट वाढता वाढता राहते.

मोठ्या उत्पन्नाच्या घरात तर यंदा गणित उलटंच झालंय. जोडप्याची सूट १,३७,००० वरून १,४०,२०० झाली, ते सगळ्यांनी वाचलं. पण सूट कुठून कमी व्हायला लागते ती मर्यादा १२,५२,७०० वरून १० लाखांवर आली, म्हणजे थेट २०१८ च्या आकड्यावर. शिवाय मर्यादेवरच्या प्रत्येक डॉलरमागे आधी २५ सेंट सूट जायची, आता ५० जाते. २०२५ च्या जुलैमधल्या कायद्याचा हा परिणाम. एएमटीच्या हिशेबात १२ लाख उत्पन्न असलेल्या जोडप्याला २०२५ मध्ये पूर्ण सूट होती. यंदा ४०,२०० उरते. त्या बाजूचा कर सुमारे २७,००० डॉलरनी वाढला. अशांना मी एकच सांगते: एक्सरसाइज दोन-तीन वर्षांत वाटून घ्या.

दरवर्षी आपोआप होणारी वाढ मला तरीही मोलाची वाटते. २०१३ च्या जानेवारीत कायदा होईपर्यंत ती नव्हतीच. अमेरिकेची संसद, म्हणजे काँग्रेस, वर्षा-दोन वर्षांनी सूट तात्पुरती वाढवून ठिगळ लावायची. २०१२ चं ठिगळ तर ते वर्ष संपल्यावर लागलं, नाहीतर जोडप्याची सूट ७८,७५० ऐवजी ४५,००० राहिली असती. अशात कोण काय नियोजन करणार?

नियोजनात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती भाव पडण्याची. डॉटकॉमचा फुगा फुटला तेव्हा कितीतरी लोकांवर आदल्या वर्षीच्या चढ्या भावावर एएमटी बसला आणि हातातले शेअर मातीमोल झाले. म्हणून एक्सरसाइज डिसेंबरऐवजी जानेवारीत करा, असं मी म्हणते. म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत भाव बघायला अख्खं वर्ष मिळतं. भाव कोसळला तर त्याच वर्षात विकून टाका. मग एएमटीचं ते कागदावरचं उत्पन्न हिशेबातून निघून जातं आणि प्रत्यक्षात झालेल्या नफ्यावरच पगारासारखा कर लागतो. भाव टिकला आणि एएमटी भरावाच लागला, तर फॉर्म ८८०१ दरवर्षी भरत जा. त्या कराचं क्रेडिट पुढच्या वर्षांत परत मिळवता येतं. नवीन क्लायंट आला की त्याच्या जुन्या रिटर्नमध्ये मी आधी तोच फॉर्म शोधते.