आमची वाटचाल: हिशेबाच्या सॉफ्टवेअरपासून रात्रीच्या बॅकअपपर्यंत

सांगलीत आम्ही सुरुवात केली ती हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवून देण्यापासून. दुकानं, पतसंस्था, दूध संघ असे ग्राहक मिळत गेले. पुढे सगळ्यांचा डेटा पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरवर गेला आणि लोक म्हणू लागले, "बॅकअपचंही तुम्हीच बघा." आज आमचं मुख्य काम तेच आहे.

रात्री बॅकअप सुरू होतो तेव्हा पासवर्ड टाकायला कोणी बसलेलं नसतं. तो 'डॉट पीजीपास' या फाईलमधून घेतला जातो. एका ओळीत होस्ट:पोर्ट:डेटाबेस:युजर:पासवर्ड, बस्स.

एका पतसंस्थेचं काम आमच्याकडे आलं ते या एका ओळीपायी. तिथे पासवर्ड बदलला होता आणि नव्यात कोलन (:) होता, म्हणजे या ओळीतले भाग वेगळे करणारं चिन्हच. रोज सकाळी फोल्डरमध्ये बॅकअपची फाईल दिसायची, पण शून्य बाइटची! पासवर्ड समजा 'हळद:42' असेल, तर फाईलमध्ये 'हळद\:42' असं लिहावं लागतं. नाहीतर प्रोग्राम कोलनपाशीच थांबतो आणि सर्व्हरला नुसतं 'हळद' सांगतो. पासवर्डमध्ये बॅकस्लॅश असेल तर तोही दोनदा लिहायचा. एक बॅकस्लॅश घातला आणि त्या रात्रीपासून बॅकअप नीट येऊ लागला. ती संस्था आजही आमच्याकडे आहे, तिच्या ओळखीने आणखीही आल्या.

कॉमेंटचंही, म्हणजे प्रोग्रामने वगळायच्या टिपेचंही, तसंच. # ओळीच्या अगदी सुरुवातीला असेल तरच ती कॉमेंट. पासवर्डनंतर जागा सोडून '# मुख्य शाखा' लिहिलंत, तर तेही पासवर्डातच धरलं जातं. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या 'डॉट माय डॉट सीएनएफ' या सेटिंगच्या फाईलमध्ये नेमकं उलट: तिथे ओळीच्या मधला #सुद्धा कॉमेंट सुरू करतो, म्हणून # असलेला पासवर्ड अवतरणचिन्हांत ठेवायचा. दोन्हीकडे काम करणाऱ्या आमच्या मुलांना हा फरक आम्ही पहिल्याच आठवड्यात शिकवतो.

जुन्या पासवर्डची ओळ # लावून तशीच ठेवायची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. आम्ही ती ठेवू देत नाही. कॉमेंटमध्ये सर्व्हर कोणता आणि बदल कधी केला एवढंच. पीजीपास फाईलची परवानगी 600, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी, कारण लिनक्सवर ती त्याहून सैल असली की फाईल वाचलीच जात नाही. * (म्हणजे 'काहीही चालेल') असलेली ओळ सगळ्यात खाली, कारण जुळणारी पहिली ओळच घेतली जाते.

आता नवीन ग्राहक आला की कराराआधी आम्ही त्याच्या कालच्या बॅकअपमधून डेटा परत उभा करून दाखवतो.