आमची वाटचाल : घासत होता की ठोकत होता?

२००९ साली नाशिकच्या अंबड एमआयडीसीत गरवारे पॉइंटच्या आतल्या बाजूला गाळा भाड्याने घेऊन आम्ही जॉबवर्क सुरू केलं. एक जुना लेथ, दोन ग्राइंडर, एक वेल्डिंग मशीन, मी आणि धाकटा भाऊ. पहिली पाच वर्षं ऑर्डरी मिळवण्यात आणि पेमेंटसाठी फेऱ्या मारण्यात गेली. माणसं सात झाली. पण आमची शेड आज जशी आहे तशी व्हायला सुरुवात झाली ती २०१४ च्या मार्चअखेरीला.

डिस्पॅचची घाई होती. फिक्श्चरमधली, म्हणजे काम पकडून ठेवायच्या साच्यातली, एक पिन अडकली होती आणि आमचे फिटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, छिन्नी-हातोड्याने ती काढत होते. ठोकता ठोकता त्यांनी एकदम डोळा मिटला. "काही नाही भाऊ, कण गेलाय." कण आमच्याकडे रोजच जायचे. शेजारचा वेल्डर आला, पापणी उलटवून पाहिली, रुमालाचं टोक फिरवलं. काही दिसेना. डोळा फारसा दुखत नव्हता, दिसतही नीट होतं. मामा परत कामाला लागले आणि मी त्यांना लागू दिलं. ती चूक माझी.

दुसऱ्या दिवशी धूसर दिसायला लागलं, डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगायला लागले. जवळच्या दवाखान्यातून थेंब आणले, फरक पडला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मामांना मोटारसायकलवर मागे बसवून मी गंगापूर रोडवरच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलमध्ये गेलो.

डॉक्टरांनी केसपेपरवर नजर टाकली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "घासत होता की ठोकत होता?"

पाच वर्षं कारखाना चालवूनही हा फरक मला माहीत नव्हता. ग्राइंडरचा कण बहुतेक वेळा कॉर्नियावर, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्यावर रुतून बसतो. ठोकताना उडालेला तुकडा इतक्या वेगाने येतो की पडदा भेदून थेट आत शिरतो. जखम एवढी बारीक की आपोआप मिटते, आणि बघणाऱ्याला डोळा धडधाकट वाटतो.

मामांना हनुवटी टेकवून स्लिट लॅम्पपुढे, म्हणजे डोळा मोठा करून बघायच्या दुर्बिणीपुढे बसवलं. नारिंगी रंगाची पट्टी डोळ्याला लावून निळा उजेड टाकला. डॉक्टरांनी मलाही त्यातून बघायला लावलं : पडद्यावर केसाएवढी रेघ, आणि तिच्या मागे बुबुळाला टाचणीने टोचल्यासारखं भोक. मग सीटी स्कॅन झाला. एमआरआय अजिबात करायचा नाही, असं त्यांनी बजावलं. त्या मशीनच्या चुंबकाने लोखंडाचा तुकडा आतल्या आत हलतो. आणि तो तसाच राहू दिला तर गंजाचं लोखंड डोळ्याच्या मागच्या पडद्यात भिनून नजर हळूहळू जाते. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, आणि त्याच संध्याकाळी ऑपरेशन करून तुकडा काढला.

तो तुकडा त्यांनी एका छोट्या डबीत घालून दिला. शेडवर आल्यावर मी वर्नियर लावून मोजला. १.८ मिलिमीटर. छिन्नीचं डोकं ठोकून ठोकून छत्रीसारखं फुललं होतं, त्याच्या कडेची ती कपची होती. फुललेलं डोकं ग्राइंडरवर घासून काढायला दोन मिनिटं लागतात.

ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, दहा माणसांपासून लागू होतं, आमच्याकडे सातच. खर्च आम्ही केला, दुसऱ्या लेथचं बुकिंग रद्द करून. पुढे त्याच डोळ्यात मोतीबिंदू आला, लेन्स बसवली. मामा आज चष्मा लावून पेपर वाचतात, पण रात्री समोरून गाडी आली की दिव्याने त्यांना दिपल्यासारखं होतं. टूलरूम त्यांच्या ताब्यात आहे. फुललेली छिन्नी ते कुणाच्याही हातात पडू देत नाहीत, माझ्याही नाही.

गॉगल आधीही होते, पण कपाळावर. ओरडून काही झालं नाही. त्याच हॉस्पिटलमध्ये सगळ्यांचे डोळे तपासून घेतले, तेव्हा उलगडा झाला. चाळिशी ओलांडलेल्यांना जवळचं स्केलच वाचता येत नव्हतं. साधा चष्मा घातला की वर गॉगल बसत नव्हता, म्हणून ते दोन्ही काढून ठेवायचे. आम्ही त्यांना नंबरचे सेफ्टी गॉगल करून दिले. बाकीच्यांना वाफ न धरणारे चार प्रकार आणून दिले आणि ज्याचा त्याला निवडायला सांगितला. एका वेल्डरला मधुमेह निघाला, त्याच्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर सूक्ष्म रक्तस्रावाचे ठिपके होते. त्याला स्वतःला काही जाणवत नव्हतं. तो आता दरवर्षी थेंब घालून डोळ्याची बाहुली मोठी करून तपासून येतो, आणि त्या दिवसाची सुट्टी पगारी असते.

काडेपेटीची काडी, रुमाल, बटाट्याचा काप हे डोळ्यावरचे सगळे घरगुती उपाय आमच्याकडे बंद आहेत. कण गेला की डोळा चोळायचा नाही, थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे. ठोकताना गेला असेल तर वर स्टीलची वाटी झाकणासारखी टेप लावून बसवायची आणि डोळ्यावर जरासुद्धा दाब द्यायचा नाही.

यंदा शेजारचा गाळा घेतोय. तिथे पिकलिंग, म्हणजे ॲसिडने धातूवरचा गंज काढायचं काम सुरू होईल, आणि डोळ्यात ॲसिड गेलं तर वेगळं असतं : आधी पाणी, निदान १५ मिनिटं सलग, मग दवाखाना. प्लंबरचं म्हणणं, डोळे धुवायचा नळ मागच्या भिंतीला घ्या, पाइप कमी लागेल. आम्ही तो ॲसिडच्या टाकीपासून आठ पावलांवर घ्यायला लावलाय. डोळे मिटून चालत जाऊन पावलं मोजली ती मामांनी.