हार्ट फेल, पण कोणत्या अर्थाने?

मराठीत ‘हार्ट फेल झाले’ याचा अर्थ माणूस गेला, एवढाच होतो. त्यामुळे बहिणीच्या दीड महिन्याच्या मुलीला तपासून डॉक्टरांनी ‘हिला हार्ट फेल्युअर आहे’ असे सांगितले, तेव्हा बहिणीच्या सासूबाईंनी तिथेच डोळ्याला पदर लावला. नात त्यांच्याच मांडीवर टक्क जागी होती आणि त्यांच्या बांगड्यांकडे पाहत होती. डॉक्टरांना हा घोटाळा नवा नसावा, कारण त्यांनी लगेच कागद ओढून हृदयाचे चार कप्पे काढले आणि खालच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीत पेनाने एक गोल काढला. ते छिद्र, म्हणजे व्हीएसडी, मोठे होते.

लक्षणे घरात आधीपासून दिसत होती, पण ती आम्हाला वाचता आली नव्हती. दूध पिताना तिच्या कपाळावर घामाचे थेंब जमत, चार घोट घेतले की ती थांबून धापा टाकी आणि पोट भरण्याआधीच दमून झोपे. एप्रिल महिना होता, तेव्हा घामाचे खापर आम्ही उन्हावर फोडले. जन्मल्यावर तर ती ठणठणीत होती. मग छिद्र जन्मापासूनचे असताना त्रास पाचव्या-सहाव्या आठवड्यात का सुरू झाला, हा माझा पहिला प्रश्न होता.

त्याचे उत्तर हृदयात नसून फुप्फुसात आहे. गर्भात असताना बाळ फुप्फुसाने श्वास घेत नाही, त्यामुळे तिथल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. जन्मानंतर त्या एका दिवसात सैल होत नाहीत. त्याला काही आठवडे लागतात. त्या आवळलेल्या असेपर्यंत छिद्रातून फारसे रक्त वाहत नाही, पण त्या सैल झाल्या की डाव्या कप्प्यातले रक्त शरीराकडे जाण्याऐवजी छिद्रातून उजवीकडे आणि तिथून पुन्हा फुप्फुसात लोटले जाते. विहिरीवरची मोटार पूर्ण जोमाने चालावी आणि पाइपाच्या फुटक्या जोडातून निम्मे पाणी पुन्हा विहिरीतच पडावे, तसे हे असते. शेत कोरडे राहते, पण दोष मोटारीचा नसतो. भाचीच्या टूडी इकोत हृदयाचे आकुंचन उत्तम असल्याचे लिहिले होते आणि त्याच कागदावर खाली ‘हार्ट फेल्युअर’ असेही लिहिले होते. दोन्ही खरे होते, कारण डॉक्टरांच्या भाषेत हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे, तर शरीराला लागेल तेवढे रक्त न पोहोचणे.

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. वैद्यकातले मला कळत नाही, पण औषधांच्या चाचण्यांचे आकडे वाचता येतात, म्हणून त्या दिवसांत रात्री मी तेच वाचत बसले. वाचताना एक गोष्ट वारंवार अडखळवत राहिली. मोठ्या माणसांच्या हार्ट फेल्युअरमध्ये बहुधा मोटारच दुबळी झालेली असते: हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असतो, वर्षानुवर्षे रक्तदाब असतो. मुलांमध्ये मात्र त्याच नावाखाली छिद्र असलेले जोमदार हृदय येते, विषाणूच्या संसर्गाने सुजलेले हृदय येते, स्नायूच्या आनुवंशिक विकाराने पसरलेले हृदय येते आणि ज्याचा खालचा एकच कप्पा नीट घडला आहे असे हृदयही येते. आजार किती बळावला आहे हे मोजण्याची फूटपट्टीसुद्धा वेगळी लागते. मोठ्यांना ‘जिना चढताना दम लागतो का’ असे विचारता येते; तान्ह्या बाळाचा जिना म्हणजे दूध पिणे. म्हणून १९८७ साली रॉस या बालहृदयरोगतज्ज्ञांनी लहान बाळांसाठी जी प्रतवारी मांडली आणि पुढे सुधारली, तिच्यात बाळ एका वेळी किती दूध पिते, त्याला किती वेळ लागतो, श्वासाची आणि नाडीची गती किती, अशा गोष्टी मोजल्या जातात. ती वाचल्यावर बहिणीने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांत दुधाची मिनिटे लिहायला सुरुवात केली.

आता कार्व्हेडिलॉलची गोष्ट. हे औषध हृदयाची गती आणि त्याच्यावरचा ताण कमी करते. मोठ्यांच्या तीव्र हार्ट फेल्युअरमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, २,२८९ रुग्णांच्या चाचणीत त्याने मृत्यूचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी केला होता. एवढा स्पष्ट निकाल हाती असताना वजनाच्या हिशेबाने मात्रा कमी करून तेच मुलांना द्यावे, असे कोणालाही वाटेल, आणि अनेक ठिकाणी तसे दिलेही जात होते. अमेरिकेत मात्र १६१ मुलांवर रीतसर चाचणी झाली. काहींना कार्व्हेडिलॉल आणि काहींना प्लासिबो, म्हणजे तसेच दिसणारे पण औषध नसलेले द्रव्य, असे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वाटले गेले आणि आठ महिन्यांनी कोण सुधारले, कोण खालावले हे पाहिले गेले. २००७ मध्ये निकाल आला: औषध घेणाऱ्यांपैकी ५६ टक्के मुले सुधारली होती आणि प्लासिबो घेणाऱ्यांपैकीही ५६ टक्केच.

वर्गात हा निकाल सांगितला की मुले तत्काळ म्हणतात, ‘म्हणजे औषध निरुपयोगी.’ एवढ्या घाईने तसे म्हणता येत नाही. निम्म्याहून अधिक मुले प्लासिबोवरच सुधारली, याचा अर्थ काही मुलांची हृदये नेहमीच्या इतर औषधांवर, वाढीच्या जोरावर किंवा सूज ओसरल्याने आपोआपच सावरत होती. मुळातच इतके जण सावरत असतील, तर त्या गर्दीतून औषधाचा वाटा वेगळा काढायला १६१ ही संख्या तोकडी पडते, आणि हे त्या अभ्यासकांनी स्वतःच नोंदवले आहे. मला त्याहून मोलाचे वाटले ते त्यांनी आधीच ठरवून केलेले एक पोटविभाजन. ज्या मुलांमध्ये शरीराला रक्त पुरवणारा कप्पा नेहमीप्रमाणे डावा होता, त्यांच्यात कल औषधाच्या बाजूने दिसला; ज्यांच्यात ते काम उजवा किंवा वेगळ्या घडणीचा कप्पा करत होता, त्यांच्यात तो उलट दिशेला झुकला. एकाला उपकारक आणि दुसऱ्याला कदाचित अपायकारक अशा दोन गोष्टींची सरासरी काढली की शून्याच्या आसपास काहीतरी हाती लागते आणि ते शून्य दोघांविषयीही खोटे बोलते. सरासरीचा हा दोष मी वीस वर्षे फळ्यावर गुणांची आणि पावसाची उदाहरणे देऊन शिकवत आले, पण तो असा अंगावर कधी आला नव्हता.

हा एकच अनुभव असता तर योगायोग म्हणता आले असते. एनालाप्रिल हे मोठ्यांमधले आणखी एक सिद्ध औषध. एकच कप्पा असलेल्या २३० तान्ह्या बाळांवर त्याची चाचणी झाली आणि २०१० मध्ये निकाल आला की त्या बाळांच्या वजनवाढीत काही फरक पडला नाही. पुढे सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन हे नवे जोडऔषध ३७५ मुलांमध्ये एनालाप्रिलच्या समोर उभे केले गेले; वर्षभरानंतर दोहोंत ठोस फरक दिसला नाही. तरी अमेरिकेत त्याला मुलांसाठी २०१९ सालीच परवानगी मिळाली होती, कारण हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारा एक घटक त्याने कमी होताना दिसला होता. रक्तातला आकडा सुधारणे आणि मूल सुधारणे यांत अंतर असू शकते, पण दुर्मीळ आजारात हजारो रुग्ण मिळत नसल्याने अशी तडजोड करावी लागते, हेही मला पटते.

या सगळ्यात एक संशोधन असे आहे की त्याच्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही आणि आमच्या घराला ते सर्वांत जवळचे वाटले. भाचीला लघवी वाढवणाऱ्या औषधाचे थेंब होतेच, शिवाय एनालाप्रिल होते, पण ते मोठ्यांच्या गोळीच्या रूपात. बहीण वेलदोडे कुटायचा छोटा पितळी खलबत्ता घेई, गोळीची पूड करी, ती मोजून पाण्यात ढवळी आणि त्यातले जेमतेम एक मिलिलिटर सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या कडेने सोडी. पूड खाली बसली की वरच्या पाण्यात औषध कमी आणि तळाशी जास्त. एखादे दिवशी बाळाने ते ओकले, तर पुन्हा द्यावे की नाही हा प्रश्न उरेच. युरोपात लेना नावाचा प्रकल्प नेमका यासाठी झाला. एनालाप्रिलच्या दोन मिलिमीटरच्या, तोंडात विरघळणाऱ्या गोळ्या तयार करून त्या नवजात बाळांपासूनच्या मुलांमध्ये तपासल्या गेल्या आणि २०२३ मध्ये युरोपीय संघाने त्यांना परवानगी दिली. औषध जुनेच, फक्त ते मोहरीच्या दाण्याएवढे झाले. खलबत्त्याचे ते तीन महिने पाहिलेल्या माणसाला हे संशोधन लहान वाटत नाही.

भाचीचे छिद्र पाचव्या महिन्यात पुण्यात शस्त्रक्रियेने, पॅच लावून बंद केले. पाइपाचा जोड बुजवल्यावर मोटारीला औषधाची गरज उरत नाही. काही आठवड्यांत तिची औषधे थांबली. औषधे होती ती शस्त्रक्रियेपर्यंत वजन राखण्यापुरती. एकच कप्पा असलेल्या मुलांना ही सोय नाही. त्यांच्यावर टप्प्याटप्प्याने तीन शस्त्रक्रिया होतात आणि पहिल्या दोहोंमधले, घरी काढायचे, चार-सहा महिने सर्वांत धोक्याचे असतात.

त्या काळाविषयी २०१६ साली एक निरीक्षण प्रसिद्ध झाले. दुसऱ्याच कारणासाठी झालेल्या एका मोठ्या चाचणीतल्या ३३० बाळांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा घरी सोडताना ज्या १०२ बाळांना डिगॉक्सिन दिले होते, त्यांच्यात त्या काळातले मृत्यू २.९ टक्के होते, बाकीच्यांमध्ये १२.३ टक्के. डिगॉक्सिनचे मूळ १७८५ साली विल्यम विदरिंग यांनी वर्णन केलेल्या फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीत आहे, म्हणजे नव्या औषधांची रांग बाजूला राहिली आणि सव्वादोनशे वर्षांपूर्वीचे औषध पुढे आले. पण इथे चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या. कोणत्या बाळाला द्यायचे हे त्या त्या रुग्णालयाने आपल्या रिवाजाप्रमाणे ठरवले होते, आणि ज्या रुग्णालयात ते देण्याचा रिवाज आहे, तिथली घरी सोडल्यानंतरची देखरेखही चांगली असेल, तर श्रेय कोणाचे हे आकड्यांवरून पूर्ण सुटत नाही. हिशेबात अनेक गोष्टी जुळवून घेतल्यावरही फरक टिकला, हे खरे. तरी निखळ उत्तर चाचणीच देऊ शकते.

हे मी बहिणीला सांगितले. तिने कॅलेंडरची जुनी पाने अजून जपून ठेवली आहेत. ती म्हणाली, ‘ताई, १२ आणि ३ हे आकडे वाचल्यावर कुठली आई आपल्या बाळासाठी चिठ्ठी टाकायला तयार होईल?’

डॉक्टरांनाच खरोखर ठाऊक नसेल तेव्हाच चिठ्ठी टाकणे न्याय्य असते, एवढे मी तिला समजावले. आपल्याला ठाऊक आहे असे ज्या डॉक्टरांना वाटते, त्यांनी काय करावे, यावर आम्ही त्या रात्री दोनपर्यंत बोलत बसलो होतो.