फ्रिज बिघडलेला नव्हता

आमच्या गल्लीत नवी गाडी आली की पहिला प्रश्न "कितने की पड़ी?" आणि दुसरा "देती कितना है?" आमची कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, आल्यावर त्यात तिसऱ्याची भर पडली. तो विचारताना लोक जरा लाजतात. "काकू, संडास कुठे आहे हो यात?" आहे, मागच्या चाकाच्या वर. इंदूरची माणसं, कचऱ्याचे डबे रंगांनुसार वेगळे ठेवणारी, त्यामुळे पुढचा प्रश्नही ठरलेला: "मग ते रिकामं कुठे करता?" त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. आज गाडीच्या खोड्यांबद्दल.

गाडी म्हणजे पीथमपूरला बनणारी ट्रॅव्हलर, रिकामी घेतलेली. आतलं सगळं एका बॉडीवाल्याने केलं: पलंग, ओटा, टाक्या, वायरिंग, छतावर ४०० वॉटचं सोलर. त्याचं नाव सांगत नाही. माणूस चांगला आहे आणि त्याच्याकडे आमचं काम अजून बाकी आहे. हे विद्युत मंडळातून निवृत्त, मी बँकेतून. गाडी ताब्यात घेताना बॉडीवाल्याने छापील यादी वाचत प्रत्येक गोष्ट चालू करून दाखवली, मी सही केली, आणि तिथेच मनात म्हटलं की हे सगळं सपाट, सावलीतल्या शेडमध्ये उभं राहून चाललंय. घाटात चालेल तेव्हा खरं. म्हणून एक लांबट वही केली. तारीख, काय झालं, कुठे झालं, शेवटी निकाल. बँकेत आयुष्य गेलेल्या बाईकडून वेगळी अपेक्षा करू नका.

शेजारचे म्हणाले, लेहला न्या. कोणी म्हणालं, कन्याकुमारी. मी म्हटलं, आधी महेश्वर, मग मांडू. दोन्ही घरापासून शंभर किलोमीटरच्या आत. काही तुटलं तर जेवणाच्या वेळेला परत. शिवाय इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, आणि महेश्वर नर्मदेच्या काठावर, चारशेएक मीटर खाली. त्यातला बराचसा उतार मानपूरनंतरच्या घाटात. गाडीतला एकेक स्क्रू तपासायला याहून चांगली सोय बॉडीवाल्याकडे नव्हती.

सासूबाईंना जाम गेटावरून जायचं होतं, अहिल्याबाईंनी बांधलेला दरवाजा बघत. वय ८१, पण रस्त्यांच्या बाबतीत मत ठाम. हे म्हणाले, "आई, ती वळणं छोट्या गाडीची. ही उंच आहे, वरून जड आहे." मग एबी रोडने, म्हणजे आग्रा-मुंबई हायवेने, निघालो. हा घाट ट्रकांचे ब्रेक निकामी होण्यासाठी बदनाम आहे, म्हणून ह्यांनी गाडी दुसऱ्या गिअरवर ठेवली, ब्रेकवर पाय कमीत कमी. मागून हॉर्नचा पाऊस. पडू दिला.

तिसऱ्या वळणाला ओट्याखालचा सर्वांत जड खण उघडला आणि मसाल्याचा डबा बाहेर आला. झाकण घट्ट होतं म्हणून निभावलं, नाहीतर गाडीला हळद लागली असती. खणांना लावलेल्या खिट्ट्या घरातल्या कपाटाच्या होत्या, चुंबकाच्या. चुंबक चालत्या गाडीत कशाला धरून ठेवतोय? दाबून बंद होणाऱ्या खिट्ट्या मिळतात, त्या हव्या. तोवर कापडी पट्टीने बांधून टाकलं. वहीत नोंद पहिली.

घाट संपता संपता वास सुटला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय, हे खिडकी उघडताहेत, मी गॅस बंद आहे ना ते बघतेय (गॅस नाहीच, इंडक्शन आहे, पण सवय). सासूबाई मागून म्हणाल्या, "अगं, मोरीत तांब्याभर पाणी ओत." ओतलं. दहा मिनिटांत वास गेला. सिंकच्या नळीला खाली जो वाकडा भाग असतो त्यात पाणी साचून राहतं आणि तेच टाकीतल्या वासाला अडवतं. वळणावळणांत ते पाणी हिंदकळून निघून गेलं होतं. रामबागेतल्या जुन्या घरात उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर कुलूप उघडलं की त्या सगळ्यात आधी मोरीकडे जायच्या, ते का, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. पाण्याशिवाय चालणारी, रबरी जिभेची झडपही मिळते. ती यादीत घातली आहे. तोवर घाट उतरला की तांब्या.

महेश्वरला नर्मदेच्या घाटाजवळच्या गल्ल्यांत आमची गाडी शिरत नाही. वर मोकळ्या जागेत उभी केली आणि रिक्षाने किल्ल्यापर्यंत गेलो. सासूबाई अहिल्याबाईंच्या गादीसमोर बराच वेळ हात जोडून बसल्या. साड्यांबद्दल लिहीत नाही, ह्यांनी वाचलं तर हिशेब मागतील.

रात्री मात्र झोप नाही. घर्रर्र. शांत. पाच-सात मिनिटांनी पुन्हा घर्रर्र. सगळे नळ बंद आणि पाण्याचा पंप आपल्याच मर्जीने चालू होतोय. बारा व्होल्टचा हा छोटा पंप दाबावर चालतो. नळ उघडला की पाइपातला दाब कमी होतो, पंप सुरू. नळ बंद केला की दाब भरतो, पंप थांबतो. नळ बंद असून तो सुरू होत असेल, तर पाणी कुठून तरी जातंय, थेंबथेंब का होईना. रात्रीपुरता पंपाचा स्विच बंद केला. सकाळी धामनोदहून एक मोटर रिवाइंडिंगवाला आला, त्याने हात लावला, कान लावला. "मैडम, पंप तो टनाटन है। पानी आगे कहीं जा रहा है।" आणि पैसे न घेता चहा पिऊन गेला. असे लोक आहेत अजून.

मग ह्यांनी जे केलं ते करून बघण्यासारखं आहे. जेवणाच्या टेबलावरचे कागदी रुमाल घेतले, पाइपाच्या प्रत्येक जोडाभोवती एकेक गुंडाळला, पंप चालू केला आणि वर्तमानपत्र वाचत बसले. डोळ्यांना न दिसणारी ओल कागदाला लगेच दिसते. सिंकखालच्या कोपऱ्यातला रुमाल ओला. नट नुसता हाताने फिरवून सोडलेला होता. पाव फेरा पान्याने आवळला, घर्रर्र संपली. हात होतेच आत, म्हणून पंपाआधीची जाळीही उघडली. जाळीत पांढऱ्या प्लास्टिकचा भुगा. टाकीला भोकं पाडल्यावर ती कोणी धुतलीच नव्हती. नवी गाडी घेणाऱ्यांनो, पहिल्या प्रवासाआधी टाकी भरा, पूर्ण ओतून टाका, पुन्हा भरा, आणि जाळी उघडून बघा.

(पुढे मांडूला जहाजमहालाच्या गच्चीवर दगडात कोरलेला पाण्याचा पाट बघितला, वाटोळे वळसे घेत जाणारा. गाइड सांगतात की वळशांत पाण्याचा वेग मरतो आणि गाळ खाली बसतो. हे तिथून हलेनात. "बघ, ह्यांची जाळी पाचशे वर्षांत तुंबली नाही.")

आता फ्रिज. वहीची सर्वांत जास्त पानं त्याने खाल्ली.

दिवसा छान चालायचा. पहाटे उठावं तर बंद, लाल दिवा लुकलुकतोय, आणि दूध त्या नाजूक अवस्थेत, चहाला चालेल की नाही हे वास घेऊन ठरवायचं. बॉडीवाल्याला फोन केला. तो बिचारा लगेच म्हणाला, "फ्रिज में ही फॉल्ट है, कंपनी से बदलवा देता हूँ।" मला ते पटलं होतं. ह्यांना नाही. "जो दिवसभर चालतो तो बिघडलेला कसा?"

मल्टिमीटर निघाला. बॅटरीवर १३.१ व्होल्ट, म्हणजे बॅटरी धडधाकट. मग फ्रिजच्या मागे, जिथे वायर आत शिरते तिथे सुया लावल्या आणि कॉम्प्रेसर सुरू व्हायची वाट बघितली. सुरू होताक्षणी आकडा साडेअकराच्या खाली, आणि लाल दिवा. मधला दीड-पावणेदोन व्होल्ट गेला कुठे? वायरीत. बॅटरी ड्रायव्हरच्या मागे, फ्रिज पार शेवटी. जायची-यायची मिळून चौदाएक मीटर वायर, आणि ती दीड स्क्वेअर एमएमची. घरात २३० व्होल्टवर ही वायर दिवे-पंखे आरामात चालवते, कारण तिथे करंट थोडा आणि एखादा व्होल्ट पडला तरी कोणाला कळत नाही. बारा व्होल्टवर तेवढ्याच कामाला करंट एकोणीस-वीस पट लागतो, आणि एक व्होल्ट म्हणजे बारातला एक. बॉडीवाल्याचा वायरमन घरांची कामं करून आलेला असणार, असा ह्यांचा निष्कर्ष. दिवसा सोलरमुळे बॅटरीचा व्होल्टेज थोडा वर असायचा, म्हणून निभायचं. रात्री तो आधार जायचा.

या फ्रिजांना बॅटरी वाचवायची एक सेटिंग असते, एच, एम, एल (हाय, मीडियम, लो) अशी. गाडीची बॅटरी पूर्ण उतरून सकाळी स्टार्टरच फिरेना, असं होऊ नये म्हणून एचवर फ्रिज लवकर माघार घेतो. आमची घरची बॅटरी इंजिनच्या बॅटरीपासून वेगळी आणि लिथियमची, तिचं स्वतःचं संरक्षण आहे. एलवर टाकलं. त्या रात्रीपासून दूध टिकलं. पण हा उपाय मलमपट्टीचा होता, हे ह्यांनीच वहीत त्यांच्या अक्षरात लिहून ठेवलं. परतल्यावर महाराणी रोडवरून सहा स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणली. तांबं चौपट, तर व्होल्टची घट पावपट, सरळ हिशेब. जुन्या जोडांतला एक हाताने ओढल्यावरच निघून आला. नव्या टोकांना प्रेस करून थिंबल लावले, बॅटरीजवळ योग्य फ्यूज टाकला. आता कॉम्प्रेसर सुरू होतो तेव्हा सुई जेमतेम हलते.

मला यातून जे कळलं ते बॉडीवाल्यालाही सांगितलं. यंत्रं सहसा बरी असतात. बिघाड त्यांच्या मधल्या वस्तूंत असतो, नट, वायर, जोड, सील यांत. कंपनीने दुसरा फ्रिज दिला असता तरी तोही त्याच वायरीवर उपाशी राहिला असता.

इंडक्शनचं प्रकरण लहान. १२०० वॉटवर पोहे वाफवायला ठेवले की अख्ख्या गाडीत अंधार. बॅटरीतून एका वेळी १०० अँपियरच निघू शकतात, म्हणजे साधारण १२८० वॉट, आणि इन्व्हर्टर स्वतःचाही वाटा खातो. १०००च्या आत ठेवलं की चालतं. पोह्यांना थोडा वेळ जास्त लागतो, जीरावन मसाला घातल्यावर कोणाच्या लक्षात येत नाही.

मांडूला पाऊस लागला. मांडूला पावसाळ्यातच जावं, हे खरंच, पण छताच्या पंख्याजवळून माझ्या पायाशी थेंब पडायला लागल्यावर रूपमतीच्या मंडपाचं कौतुक जरा ओसरलं. थेंब पडतो तिथे भोक नसतं. पाणी आत पत्र्यावरून सरकत येतं. हे छतावर चढले तर सोलरच्या एका ब्रॅकेटचा स्क्रू सीलंटशिवाय. पाणी अडवणारी ब्यूटाइल टेप चिकटवून वेळ मारून नेली.

त्याच रात्री एका हॉटेलच्या आवारात लाइट जोडली होती. फक्त एसी चालू. मी सहज बाहेरच्या प्लगला हात लावला तर चांगलाच गरम. इथे मात्र "सकाळी बघू" नाही. एसी बंद, एमसीबी बंद, मग प्लग काढला. सॉकेटच्या पत्त्या ढिल्या होत्या. ह्यांनी आपला जुना सीरिज बल्ब काढून फेज आणि अर्थिंगमध्ये धरला, तो लागलाच नाही. अर्थिंग नावालाच. मॅनेजरने कुरकुर न करता दुसऱ्या बोर्डावर जोडणी दिली. मी वहीत एक वेगळं पान केलंय: तापणं, जळका वास, चाकं, ब्रेक. या पानावरचं काही झालं की गाडी जागची हलत नाही. चाकांचे नट पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घेतले, तेही याच पानावर.

बाकीच्या पानांना घाई नाही. उदाहरणार्थ टाकीचा काटा. स्वच्छ पाण्याची टाकी काठोकाठ भरली की तो "रिकामी" म्हणतो आणि सांडपाण्याची रिकामी केली की "भरली". दोन टाक्यांच्या वायरी अदलाबदल झाल्यात, एवढंच. मी काट्यांखाली चिकटपट्टीवर खरी नावं लिहून लावली. पाहुणे हसतात. हसोत.

यादी बॉडीवाल्याला दिली आहे. त्याने पुढच्या आठवड्याची वेळ दिली, आणि हे तिथे स्टूल टाकून बसणार आहेत, हे ऐकून त्याने ती एका दिवसाने पुढे ढकलली. सासूबाईंची मागणी यादीत सर्वांत वर आहे: दाराच्या पायरीशी धरायला दांडा, आणि तो "टॉवेल वाळत घालायचा नको, माणूस पेलणारा हवा". तो आतल्या लोखंडी चौकटीलाच बोल्ट करायला सांगितलाय, प्लायवुडला नाही.